फसव्या अंकगणिती कोड्यांतील तर्कदोष : छलविचाराच्या आधारे एक चिकित्सा

गोषवारा

लोकव्यवहारात आणि शालेय वातावरणात काही अंकगणिती कोडी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. त्यांतील बेरीज-वजाबाकी अचूक असते, तरीही निष्कर्ष अशक्य निघतो. प्रस्तुत लेखात अशा कोड्यांतील दोष आकडेमोडीचा नसून भाषेचा आणि तर्काचा आहे, हे न्यायदर्शनातील ‘छल’ या संकल्पनेच्या साहाय्याने दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. तोच दोष धानखरेदी, उधारी, व्याज, पैसेवारी आणि साखळी योजना यांच्या हिशेबातही आढळतो. त्यामुळे कोड्याची उकल केवळ करमणुकीपुरती मर्यादित ठेवणे योग्य नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अंकगणिती कोडी, तर्कदोष, छल, सरासरी, टक्केवारी, संख्यासाक्षरता.

प्रस्तावना

सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव. हा सारा परिसर धानपट्ट्यात मोडतो. येथील सामान्य माणसाचा संख्येशी संबंध पाठ्यपुस्तकापेक्षा वजनकाट्यावर, राईस मिलमध्ये, बचत गटाच्या बैठकीत आणि उधारीच्या वहीत अधिक येतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेणारी शिक्षणपरंपरा मराठी मुलखात दीर्घकाळ नांदली. त्या परंपरेने तोंडी हिशेबाची पिढी घडविली. मात्र हिशेब जलद करता येणे आणि हिशेबामागील विधान तपासता येणे, ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत. फसवी कोडी पहिल्या कौशल्याला धक्का लावत नाहीत. ती दुसऱ्याची उणीव उघडी करतात.

हुमाण, उखाणा, कूटप्रश्न हे मराठी लोकवाङ्मयाचे परिचित प्रकार होत. त्यांत उत्तर दडलेले असते आणि ते सापडताच समाधान होते. फसव्या अंकगणिती कोड्याचे स्वरूप याहून निराळे आहे. त्यात उत्तर नव्हे, तर चूक दडलेली असते. ऐकणाऱ्याने उत्तर शोधू लागणे हीच त्याची फसगत असते, कारण प्रश्नच मुळात चुकीचा विचारलेला असतो. या कोड्यांची समीक्षा करावयाची तर त्यांच्या उत्तरांची नव्हे, प्रश्नांची करावी लागते.

छल : एक उपयुक्त चौकट

गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत ‘छल’ हा एक आहे. वक्त्याने ज्या अर्थाने शब्द वापरला, त्याहून वेगळा अर्थ कल्पून त्याच्या विधानाचा विपर्यास करणे म्हणजे छल. त्याचे तीन प्रकार मानले आहेत : वाक्छल, सामान्यच्छल आणि उपचारच्छल. शब्दाच्या अनेकार्थतेचा गैरफायदा घेतला की वाक्छल होतो. एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे संभवते एवढ्यावरून ती प्रत्येक ठिकाणी असलीच पाहिजे असे लादले की सामान्यच्छल होतो. लाक्षणिक प्रयोगाचा शब्दशः अर्थ धरला की उपचारच्छल होतो.

वाक्छलाचे भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एखादा मनुष्य ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याच्याजवळ नवे कांबळे आहे, असे कोणी म्हणतो. त्यावर प्रतिपक्षी ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारतो. भारतीय तर्कपरंपरेतील शब्दच्छलाचे हे प्रसिद्ध उदाहरण संख्यावाचक शब्दावरच बेतलेले आहे.

न्यायदर्शनातील छल हा वादातील डावपेच आहे. प्रतिपक्षाच्या शब्दाचा तो विपर्यास करतो. कोड्यात सांगणारा स्वतःच शब्द योजतो आणि ऐकणाऱ्याकडून विपर्यास करवून घेतो. हा भेद मान्य करूनही वर्गीकरणाची ही चौकट उपयोगी ठरते, कारण ती ‘किती?’ या प्रश्नाआधी ‘कशाचे?’ हा प्रश्न विचारावयास लावते.

हरवलेला रुपया : शब्दाचा छल

सर्वांत प्रसिद्ध कोडे तीन प्रवाशांचे. तिघे प्रत्येकी १० रुपये देऊन ३० रुपयांत लॉजची खोली घेतात. मालकाला मागाहून कळते की खोलीचे भाडे २५ रुपयेच आहे. तो पोऱ्याजवळ ५ रुपये परत पाठवितो. पोऱ्या २ रुपये खिशात टाकतो आणि प्रत्येकाला १ रुपया देतो. म्हणजे प्रत्येकाने ९ रुपये दिले; तिघांचे २७ झाले; पोऱ्याजवळचे २ मिळविले की २९. मग एक रुपया गेला कोठे?

येथे २७ आणि २ यांची बेरीज बिनचूक आहे. चुकीचे आहे ते त्यांना एकत्र आणणे. २७ रुपये हा प्रवाशांचा खर्च असून त्यातच पोऱ्याचे २ रुपये समाविष्ट आहेत : २५ मालकाचे आणि २ पोऱ्याचे. जुन्या पद्धतीने किर्द लिहिणारा मुनीमसुद्धा ही चूक करणार नाही, कारण एकच रक्कम नावे लिहून पुन्हा त्याच बाजूला मिळविता येत नाही. ३० पर्यंत पोहोचावयाचे असेल तर परत मिळालेले ३ रुपये मिळवावे लागतात : २५, २ आणि ३. ‘मिळविले की’ हा निरुपद्रवी शब्दप्रयोग वजाबाकीच्या जागी बेरीज बसवितो, आणि ऐकणारा सांगणाऱ्याच्या मागून चालू लागतो.

या कोड्याचे यश आकड्यांच्या निवडीत आहे. २९ हा ३० च्या अगदी जवळ असल्यामुळे एक रुपया हरवल्याचा भास होतो. आकडे बदलून पाहिले की भास नाहीसा होतो. भाडे १० रुपयेच होते असे समजू. मालक २० परत पाठवितो, पोऱ्या २ ठेवतो आणि प्रत्येकाला ६ देतो. प्रत्येकाचा खर्च ४, तिघांचा १२. त्यात २ मिळविले की १४. आता १६ रुपये हरवले असे कोणी म्हणणार नाही. हिशेबाची रीत तीच आहे, केवळ तिचे असंबद्ध रूप दिसू लागले.

याच जातीचे दुसरे कोडे ५० रुपयांचे. २० खर्च केले, ३० उरले. १५ खर्च केले, १५ उरले. ९ खर्च केले, ६ उरले. ६ खर्च केले, काही उरले नाही. खर्चाची बेरीज ५०, ‘उरले’ची बेरीज मात्र ५१. वास्तविक शिल्लक ही त्या त्या क्षणाची स्थिती असते. तिची बेरीज करण्याला काही अर्थ नाही. तेच ५० रुपये दहा-दहा करून खर्च केले तर शिल्लकांची बेरीज १०० येते, एकदम खर्च केले तर शून्य. कोणत्याही किर्दीत रोजच्या शिलकीची उभी बेरीज मारलेली नसते, हे व्यवहारी माणसाला ठाऊक असते. तरीही कोडे ऐकताना ते ज्ञान उपयोगी पडत नाही, कारण ‘बेरीज जुळते का?’ या सवयीच्या प्रश्नाने ‘ही बेरीज कशाची?’ हा प्रश्न झाकून टाकलेला असतो.

सतरा जनावरांची वाटणी : सोळा आण्यांची कसोटी

एक बाप मृत्यूपूर्वी आपली १७ जनावरे तीन मुलांत अर्धा, तिसरा आणि नववा हिस्सा या प्रमाणात वाटावयास सांगतो. कोठे ती उंट असतात, कोठे घोडे, कोठे हत्ती. १७ चा अर्धा होत नाही म्हणून भांडण लागते. एक शहाणा मनुष्य आपले एक जनावर त्यात मिळवितो. १८ पैकी ९, ६ आणि २ अशी वाटणी होते, बेरीज १७ येते आणि शहाणा आपले जनावर घेऊन परत जातो. ही कथा चातुर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते.

कथेतील चातुर्य मान्य करूनही तिच्यातील तर्कदोष नजरेआड करता येत नाही. एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक नवमांश यांची बेरीज १७/१८ होते. म्हणजे बापाने संपूर्ण मालमत्ता वाटलीच नव्हती. मराठीत पूर्णत्वासाठी ‘सोळा आणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि जमिनीतील हिस्सेही आण्या-पैंत सांगण्याची रीत होती. त्या मापाने या मृत्युपत्रातील हिस्से १५ आणे १⅓ पै इतकेच भरतात. वाटणीपत्र तपासणाऱ्याने पहिली नजर तेथेच टाकली असती. शहाण्याने मृत्युपत्राची अक्षरशः अंमलबजावणी केली असेही नाही. त्यानुसार थोरल्याला साडेआठ मिळावयास हवे होते, मिळाले नऊ. उरलेल्या दोघांनाही थोडे थोडे अधिकच मिळाले. न वाटलेला अंश त्याने तिघांत त्याच प्रमाणात वाटून दिला, एवढेच.

या वाटणीत कोणाचेच नुकसान झाले नाही, म्हणून ती न्याय्य ठरते हे खरे. परंतु कथा सांगणारा ‘हिस्से पूर्ण भरत नव्हते’ हे सांगत नाही. ‘वाटणी’ या शब्दातच संपूर्ण वाटप गृहीत असल्याने ते गृहीतक कोणी तपासत नाही. उलट आण्यांची बेरीज सोळाच्या वर गेली असती, तर हीच युक्ती कोणाच्या तरी हिश्श्यावर घाला घालणारी ठरली असती.

सरासरी आणि ‘प्रत्येक’ : सामान्यच्छल

नदीची सरासरी खोली काढून, ती कुटुंबातील माणसांच्या सरासरी उंचीपेक्षा कमी आहे म्हणून सर्वांना पाण्यात उतरविणाऱ्या हिशेबनिसाची लोककथा परिचित आहे. हिशेब बरोबर असतो, पण कुटुंब बुडते. समूहाविषयीचे विधान त्यातील प्रत्येक घटकावर लादणे हाच येथील दोष होय आणि सामान्यच्छलाशी त्याचे नाते स्पष्ट आहे.

ही कथा हसण्यावारी नेता येत नाही, कारण तिचा प्रत्यय शेतीत येतो. पिकांची पैसेवारी कापणी प्रयोगांच्या आधारे गावाची म्हणून काढली जाते आणि ती ५० पैशांपेक्षा कमी की अधिक यावर टंचाईसंबंधीचे निर्णय अवलंबून असतात. गावाची सरासरी म्हणून तो आकडा योग्यही असू शकेल. परंतु पैसेवारी ५० पैशांच्या वर आहे म्हणून अमुक एका बांधीतील धानही साधले असेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. तलावाच्या पाण्याखालील शेत आणि टेकराची कोरडवाहू जमीन यांची सरासरी दोहोंपैकी एकाचेही वर्णन करीत नाही. प्रशासनाला सरासरीवाचून चालणार नाही हे मान्य. आक्षेप सरासरीवर नसून तिच्यामागून नकळत येणाऱ्या ‘प्रत्येक’ या शब्दावर आहे.

साखळी योजनांचे आवाहनही याच छलावर उभे असते. ‘प्रत्येकाने फक्त दोघांना जोडावयाचे’ हे विधान आरंभीच्या काही जणांना शक्य असते; तेवढ्यावरून ते सर्वांना शक्य आहे असे भासविले जाते. एकापासून आरंभ करून प्रत्येकाने दोघे जोडले तर विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसे लागतात आणि तोवरची एकूण संख्या २०,९७,१५१ होते. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. म्हणजे तान्ह्या मुलांसह सारा जिल्हा सामील झाला तरी विसावी पायरी पुरी होत नाही. आणि साखळी जेथे तुटते तेथे सर्वांत शेवटची, म्हणजेच संख्येने सर्वांत मोठी पायरी रिकाम्या हाताने उभी असते. अशा योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ मध्ये झाला. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कायदे असूनही फसवणूक होत राहते, याचे एक कारण तिच्यातील तर्कदोष ओळखण्याची सवय लावली जात नाही हे होय.

टक्का : उपचारच्छल

‘तीन टक्के’ असे आपण ‘तीन किलो’सारखे बोलतो. वस्तुतः टक्का ही राशी नसून दोन राशींमधील संबंध आहे. त्याला राशी म्हणणे हा भाषेचा उपचार होय. त्या उपचारालाच मुख्यार्थ मानले की फसगत होते.

धानाचे उदाहरण घेऊ. आधारभूत खरेदीच्या निकषांत धानातील ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. २० टक्के ओलावा असलेले १०० किलो धान वाळवून १७ टक्क्यांवर आणले, तर वजन किती घटेल? चटकन सुचणारे उत्तर ३ किलो. ते चूक आहे. आरंभी ८० किलो कोरडा अंश आहे आणि तो वाळविल्यानंतरही ८० किलोच राहतो. मात्र आता तो एकूण वजनाच्या ८३ टक्के असतो. म्हणून नवे वजन ९६.३९ किलो आणि घट ३.६१ किलो. तेच धान १४ टक्क्यांपर्यंत वाळले तर वजन ९३.०२ किलोवर येते. भाव केवळ वजनावर मिळत असेल, तर मर्यादेपेक्षा अधिक वाळविणाऱ्याला क्विंटलमागे ३.३७ किलोचा दाम गमवावा लागतो. उलट, ओल्या धानावर खरेदीदाराने टक्क्यामागे एक किलो अशी कपात केली, तर हिशेबातील तूट त्यालाच सोसावी लागते. तर्कदोष कोणाचा पक्ष घेत नाही. पायथ्याची राशी बदलली आहे हे ज्याला कळते, तो सावध राहतो.

उधारीच्या व्यवहारात मात्र हा दोष बहुधा एकाच बाजूला झुकतो. पेरणीच्या वेळी धान्य घेऊन सुगीला सव्वापटीने किंवा दीडपटीने फेडण्याची ‘सवाई’ व ‘वाढीदिढी’ ही रीत ग्रामीण महाराष्ट्राला परिचित आहे. चार पायल्यांना पाच पायल्या, हे ऐकावयास सौम्य वाटते, कारण त्यात काळाचा उल्लेख नसतो. पाच महिन्यांत शेकडा २५ म्हणजे सरळव्याजाने वर्षाला शेकडा ६०. दिढी असेल तर शेकडा १२०.

हप्त्याच्या कर्जात लपलेली गोष्ट काळ नसून मुद्दल असते. १२,००० रुपये वर्षाला १२ टक्के दराने घेतले, व्याज १,४४० धरून १२ हप्त्यांत प्रत्येकी १,१२० रुपये फेडले. दर १२ टक्केच वाटतो. परंतु दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल परत जात असल्याने कर्जदाराजवळ वर्षभर १२,००० रुपये राहतच नाहीत. सरासरीने ६,५०० राहतात. त्यांवर १,४४० रुपये व्याज म्हणजे सुमारे २२ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांना किरकोळ कर्जदारांना मुख्य तथ्यपत्रकात वार्षिक टक्केवारी दर नमूद करून द्यावा लागतो. ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र त्या पत्रकातील दोन दर वेगळे का, हे कर्जदाराला कळले तरच तिचा उपयोग.

उघड नियम आणि लपविलेला नियम

गणितातील प्रत्येक चमत्कृती फसवी नसते. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त शून्याच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणावे, आलेल्या राशीत तिचाच अर्धा भाग मिळवावा, तीनाने गुणावे आणि शून्याने भागावे. फल ६३ येते, तर मूळ संख्या कोणती? उत्तर १४ दिले आहे. आजच्या विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटेल, कारण शून्याने भागणे त्याला निषिद्ध सांगितलेले असते. परंतु भास्कराचार्य आपला नियम आधीच सांगतात : पुढील क्रिया शिल्लक असताना शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य न करता शून्य हा गुणक तसाच राखावा आणि मागाहून शून्य हाच भाजक आला तर दोन्हींचा लोप करावा. तो नियम आधुनिक बीजगणितात स्वीकारार्ह नाही, पण तो लपविलेला नाही.

याउलट ‘एक बरोबर दोन’ सिद्ध करणाऱ्या परिचित कोड्यात ‘अ’ आणि ‘ब’ समान मानून, पुढे ‘अ उणे ब’ने दोन्ही बाजूंना भागले जाते. ती राशी शून्य आहे हे कोठेही सांगितले जात नाही. दोहोंत शून्याचा भागाकार आहे, पण एकात संकेत जाहीर आहे आणि दुसऱ्यात झाकलेला. प्रामाणिक आणि फसव्या कोड्यातील सीमारेषा येथेच आखता येते. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातवंड चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. गणिती उदाहरण हे अध्ययनाचा विषय मानणारी परंपरा या भूमीत होती, याची ती साक्ष होय.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या प्रामाणिक कुतूहलाचे अर्वाचीन उदाहरण म्हणून घेता येईल. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची उतरती मांडणी उणे चढती मांडणी ही क्रिया पुनःपुन्हा केली की ६१७४ येते. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. येथे काहीच दडविलेले नाही, आणि तपासून पाहिल्यावर आश्चर्य ओसरत नाही, उलट वाढते. फसव्या कोड्यातील आश्चर्य तपासणीबरोबर संपते.

कथनाच्या रीतीविषयी

कोडी दोषी नाहीत. त्यांच्या कथनाची रूढ रीत सदोष आहे. सांगणारा गोंधळ निर्माण करतो, ऐकणारे थक्क होतात, हशा पिकतो आणि प्रसंग संपतो. फार तर ‘असा हिशेब करावयाचा नसतो’ एवढे सांगितले जाते. का करावयाचा नसतो, हे सांगितले जात नाही. परिणामी ऐकणाऱ्याच्या मनात दोन समज रुजतात : गणित हे चलाखीचे क्षेत्र आहे, आणि आकड्यांपुढे आपण हरणारच. दुसरा समज अधिक घातक आहे. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा किंवा सही करणारी व्यक्ती याच समजाच्या आहारी गेलेली असते.

करमणुकीला शिकवणुकीचे ओझे कशाला, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अगदीच अनाठायी नाही. प्रत्येक कोड्याचे प्रवचन करणे रसभंग करणारे ठरेल. परंतु हरवलेल्या रुपयाचे कोडे आकडे बदलून पुन्हा सांगितले की उकल आपोआप होते आणि हशा दुसऱ्यांदा पिकतो. पहिला हशा ऐकणाऱ्याच्या गोंधळावर असतो, दुसरा त्याला गोंधळ उमगल्याचा असतो. शिक्षकाने दुसऱ्या हशापर्यंत पोहोचावे, एवढीच अपेक्षा आहे.

निष्कर्ष

१. फसव्या अंकगणिती कोड्यांतील दोष आकडेमोडीत नसून राशींना जोडणाऱ्या शब्दांत असतो. ‘मिळविले’, ‘उरले’, ‘वाटणी’, ‘प्रत्येक’, ‘टक्के’ हे शब्द विशेषत्वाने तपासावे लागतात.

२. न्यायदर्शनातील छलाचे त्रिविध वर्गीकरण या दोषांच्या अभ्यासास उपयुक्त ठरते, मात्र ते वादाच्या संदर्भातून घेतलेले आहे याचे भान ठेवावे लागते.

३. आकडे बदलून तीच रीत पुन्हा लावणे, हिस्से सोळा आणे भरतात का हे पाहणे आणि टक्क्याच्या पायथ्याची राशी व काळ विचारणे, या तीन कसोट्या शालेय विद्यार्थ्यालाही वापरता येतात.

४. हेच दोष कर्ज, उधारी, पैसेवारी आणि साखळी योजना यांच्या हिशेबात आढळत असल्याने, सिहोऱ्यासारख्या कृषिप्रधान परिसरातील शाळा-महाविद्यालयांत कोड्यांची उकल स्थानिक व्यवहारातील उदाहरणांशी जोडून शिकविणे आवश्यक आहे. तीन प्रवाशांचा रुपया कधी हरवलेलाच नसतो. सवाईच्या आणि हप्त्याच्या हिशेबात हरवणारा रुपया मात्र खरा असतो.